एक्केचाळीस वॅटचं कोणीतरी

बाबांना विरंगुळा असावा, एवढाच माझा हेतू होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यावरून आमच्या इमारतीत दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तटांचं मत माझ्याविरुद्ध आहे.

बाबांनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना प्रयोगशाळेतली दोन जुनी यंत्रं भेट दिली, लाकडी पेटीतला व्होल्टमीटर आणि तसाच अ‍ॅमीटर. ती माळ्यावर पडून होती. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा बोलेनासे झाले. मग हळूहळू विसरायलाही लागले. चहाची पावडर फ्रिजमध्ये, चष्मा चपलेत, आणि दोनदा तर त्यांनी माझ्या बायकोला आईच्या नावाने हाक मारली. ती बिचारी दोन्ही वेळा ‘ओ’ देऊन गेली. तेव्हा मी म्हटलं, यंत्रं खाली काढू. माणूस कामात असला की बरा राहतो.

वायरमनला बोलावलं. तो बाबांचाच विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास झालेला, आणि म्हणूनच त्यांच्यासमोर अजून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. त्यामुळे त्याला काम करायला वेळ लागतो. पण दारामागच्या मेन बोर्डाशेजारी त्याने दोन्ही पेट्या नीट बसवून दिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांची वही सुरू झाली.

वही म्हणजे शाळेतल्या प्रयोगवहीसारखीच. रकाने आखलेले. विभवांतर, धारा, शक्ती, रोध, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. रोज दुपारी चार वाजता बाबा काट्यांसमोर उभे राहायचे. विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती, विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध, असं पुटपुटत गणित करायचे आणि शेवटच्या रकान्यात लिहायचे ‘फ्रिज’, ‘मिक्सर’, ‘सूनबाईंची इस्त्री’. आठवडाभरात त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की ऑफिसात चौघांना हे सांगितलं. मी विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात आहे. तिथे कोणाचं चांगलं झाल्याचं ऐकायला मिळत नाही, त्यामुळे सगळ्यांनी मन लावून ऐकलं.

नवव्या दिवशी बाबा म्हणाले, “आज शून्य तपासू. सगळं बंद करा.”

आम्ही सगळं बंद केलं. फ्रिजची पिन काढली, पंखे थांबवले, घड्याळाच्या चार्जरपर्यंत सगळं उपसलं. घर एकदम गप्प झालं. फ्रिज किती बोलत असतो हे तो थांबल्यावरच कळतं. बाबांनी अ‍ॅमीटर लहान मापावर घेतला आणि वाकून पाहिलं.

काटा शून्यावर नव्हता.

“पॉइंट अठरा,” मी म्हणालो.

“शून्य पूर्णांक अठरा शतांश,” बाबांनी दुरुस्त केलं. “दोनशे तीस गुणिले शून्य पूर्णांक अठरा. एक्केचाळीस पूर्णांक चार वॅट. रोध बाराशे अठ्ठ्याहत्तर ओहम.” मग ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सगळं बंद आहे ना? मग हे एक्केचाळीस वॅट कोण वापरतंय?”

मी हसून विषय बदलला. माझी अशी पद्धत आहे. पण दुसऱ्या दिवशी तोच आकडा आला, तिसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी मी सहज वही उघडली, तर ‘कारण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘कोणीतरी’.

“बाबा, कोणीतरी म्हणजे?”

“माणूस शांत बसला तरी त्याच्या अंगातून साधारण ऐंशी-शंभर वॅट उष्णता बाहेर पडते,” ते म्हणाले. वर्गात सांगावं तसं, अगदी निवांत. “एक्केचाळीस म्हणजे लहानखुरं कोणीतरी आहे. आणि फारसं हलत नाही.”

आई लहानखुरी होती. हे मी मोठ्याने बोललो नाही. बायकोही बोलली नाही, पण तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला. दुपारचे सव्वाचार वाजले होते.

त्याच रविवारी दादा आला, माझा थोरला भाऊ. तो मोठ्या कारखान्यात मॅनेजर आहे आणि घरातही हातात फाइल असल्यासारखा चालतो. त्याने वही पाहिली, ‘कोणीतरी’ वाचलं, आणि मला गॅलरीत नेलं.

“वयस्कर माणसांची एक चांगली संस्था आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर असतात, चोवीस तास लक्ष असतं. मी बोलून ठेवलंय. पुढच्या रविवारी बाबांना घेऊन जातो.”

“दादा, आकडा खरा आहे. मी स्वतः काटा पाहिलाय.”

“आकडा खरा असेल. त्यांनी काढलेला अर्थ बघ. त्यांना घरात माणूस दिसतोय. उद्या गॅस उघडा ठेवून त्या माणसाला चहा करून देतील, मग काय करशील?” एवढं बोलून तो थांबला, आणि त्याचा आवाज खाली आला. “मला आवडतंय का हे? तूच सांग, मी काय करू?”

शेवटी ठरलं ते असं. रविवारपर्यंत मी त्या एक्केचाळीस वॅटचं कारण शोधायचं. ते सापडलं तर दादा शब्द मागे घेईल, नाही सापडलं तर बाबा जातील. आयुष्यभर मी लोकांना ‘कारण सिद्ध होत नाही, सबब दावा नामंजूर’ अशी पत्रं पाठवली. आता माझ्याच घरात एक कारण सिद्ध करायचं होतं आणि हातात सहा दिवस होते.

सोमवारी अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. ‘उपकरणाचे नाव’ या ओळीपुढे मी ‘माहीत नाही’ असं लिहिलं.

“असं चालत नाही,” त्या म्हणाल्या. “उपकरणाचं नाव लागतं.”

“तेच तर शोधायचंय.”

“मग शोधून या.”

मी पुन्हा सगळी हकिगत सांगितली. सगळं बंद असतं, तरी रोज दुपारी चार वाजता एक्केचाळीस वॅट. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “घरात माणसं किती?”

“तीन.”

“नक्की?”

त्यांनी हे नियमाप्रमाणेच विचारलं असणार, पण मी मनात पुन्हा एकदा मोजलं. मी पटकन ‘हो’ म्हणू शकलो नाही. शेवटी त्यांनी माझ्या अर्जावर शिक्का मारून तो परत दिला. शिक्क्याखाली लिहिलं होतं, ‘अज्ञात भार अर्जदाराने स्वतः काढून टाकावा व वापरकर्त्याची सही घेऊन यावे.’

वरच्या मजल्यावरच्या काकूंना हे कसं कळलं कोण जाणे, पण मी जिना चढेपर्यंत त्या आमच्या सोफ्यावर बसलेल्या होत्या. या काकूंना प्रत्येक आजारावर, लग्नावर आणि गळक्या नळावर सल्ला सुचतो. त्या म्हणाल्या, “घरभर ठिकठिकाणी पाण्याचे पेले भरून ठेवा. पातळीवर खूण करा. जिथलं पाणी कमी होईल तिथे ते आहे. त्यांना तहान लागते.”

“कोणाला?”

“ते मला नका विचारू,” असं म्हणून काकूंनी आमच्याकडचा चहा संपवला.

मी सुशिक्षित माणूस आहे. मी हसलो. बायकोने मात्र सात पेले भरून ठेवले, आणि मीही खुणा करायला पेन्सिल दिली, कारण एखादी गोष्ट करायचीच तर नीट करावी. बुधवारी पाहिलं तर सहा पेले जसेच्या तसे होते. सातवा पेला स्वयंपाकघरातल्या मोठ्या कपाटात, तळच्या खणात मागे ठेवला होता. त्यातलं पाणी बोटभर उतरलं होतं.

बायको तिथेच खाली बसली. “तुम्हाला सांगितलं नाही कधी,” ती म्हणाली. “या खणात मीठ कधी ओलं होत नाही. आणि इथले फडके काढले की उबदार लागतात. आत्ताच कोणीतरी त्यांच्यावर बसून उठल्यासारखे.”

“कधीपासून?”

“हे कपाट केल्यापासून.”

आता त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती. खिडकी नसलेली, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. आईचं सगळं तिथे असायचं, डबे, मासिकांचे जुने अंक, तिचं बसायचं स्टूल. दुपारी आवराआवर झाली की ती आत बसून वाचायची. घरात स्वतःची अशी तिला तेवढीच जागा होती. ती गेल्यावर त्या दारावरून जाताना आम्हा सगळ्यांचेच पाय जड व्हायचे. मग मी एक दिवस सुताराला बोलावलं आणि म्हटलं, दारावरूनच कपाट मार. आत काय आहे ते त्याने विचारलं. मी म्हणालो, काही नाही. दार उघडून बघायचं धैर्य मला झालं नाही. एका दुपारी काम झालं, आणि त्यानंतर त्या खोलीचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही.

गुरुवारी वायरमन आला. त्याने एकेक फ्यूज काढून पाहिला. स्वयंपाकघराचा फ्यूज काढताच काटा शून्यावर पडला.

“आत बल्ब राहिला असेल जळत,” मी म्हणालो. हे मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं, पण मी ते मनातच दडपलं होतं.

“चाळीसचा बल्ब म्हटलं तर आकडा जमतो,” वायरमन हात पाठीमागे घेत म्हणाला. “पण बल्ब साधारण हजार तास चालतो. दिवसरात्र लावला तर दीड महिना. तीन वर्षं कुठला राहतोय?” मग त्याने मेन बंद करून आपल्या मीटरने त्या लाइनचा रोध मोजला आणि त्याचा चेहरा खुलला. “हे बघा, एकशे सव्वीस ओहम. सर म्हणतात बाराशे अठ्ठ्याहत्तर. सरांचं गणित चुकलंय. भिंतीत कुठेतरी वायर ओली झाली असेल, झालं.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण ते खुर्चीतून ताठ उठले, आणि वायरमनने हातातला पाना खाली ठेवला.

“दहावीत तुला हाच प्रश्न आला होता,” ते म्हणाले. “आणि हाच चुकला होता. थंड तारेचा रोध कमी असतो. तीच तार तापून पांढरी झाली की तो दहापट होतो. आता बंद असताना एकशे सव्वीस, चालू असताना बाराशे अठ्ठ्याहत्तर. ओली वायर असं करते का?”

“नाही सर.”

“मग असं काय करतं?”

“तापून उजेड देणारं काहीतरी, सर.”

“म्हणजे आत उजेड आहे,” बाबा म्हणाले.

आम्ही सगळे कपाटाकडे बघायला लागलो. कपाटाला फट नाही. प्लायवुड भिंतीला घट्ट बसवलेलं, सुतार चोख होता. पण आता त्याच्या मागे उजेड आहे हे कळल्यावर त्या कपाटाकडे पाठ करून उभं राहवेना.

“तीन वर्षं म्हणजे सव्वीस हजार तास,” बाबा पुढे म्हणाले. “हजार तासांना एक, म्हणजे आतापर्यंत सव्वीस बल्ब लागले असतील.” त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. “ते बदलले कोणी?”

वायरमनने वस्तू पिशवीत भरल्या. दुसरीकडे अर्जंट काम आहे म्हणाला, आणि जाताना दार ओढून घ्यायला विसरला. मी त्याच संध्याकाळी कपाट उघडायला हवं होतं. कोणीही शहाण्या माणसाने उघडलं असतं. मी मात्र शुक्रवारी स्क्रू ड्रायव्हर शोधला, शनिवारी तो कपाटासमोर ठेवला, आणि दोन्ही दिवस आम्ही बाहेर जेवलो. मला कशाची भीती वाटत होती? आत कोणी असेल याची वाटत होती. खरं सांगायचं तर, आत कोणी नसेल याची जास्त वाटत होती.

रविवारी दादा चार वाजता आला. बाबांची बॅग त्याने स्वतः भरली. मग सगळं बंद करून काटा पाहिला. पॉइंट अठरा. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत तिथेच आला.

“काटा अडकलाय,” दादा म्हणाला.

मग मात्र मला राग आला. मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो, खणांतलं सगळं बाहेर काढलं आणि फळ्यांचे, मागच्या प्लायवुडचे स्क्रू काढायला बसलो. सोळा स्क्रू होते. दादा आधी उभा राहून बघत होता, नवव्या स्क्रूनंतर तो शेजारी बसला आणि फळी धरू लागला. शेवटची फळी निघाली तशी आतून ऊब आली. कोठीच्या दाराखालच्या फटीतून तांबूस उजेडाची एक रेघ आमच्या गुडघ्यांवर पडली.

आम्ही दोघे पन्नाशी ओलांडलेले भाऊ, आणि दोघांनी एकमेकांना म्हटलं, “तू उघड.”

दार बाबांनी उघडलं.

आत कोणी नव्हतं. स्टूल होतं. स्टुलावर एक जुना अंक उघडा पालथा ठेवलेला, त्यावर आईचा चष्मा. डब्यांवर बोटभर धूळ. आणि हे सगळं दिसत होतं ते मंद तांबड्या उजेडात, संध्याकाळ संपता संपता असतो तशा. वर एक नाही, दोन बल्ब होते, शेजारी शेजारी, दोघेही पेंगुळलेले.

बाबा मान वर करून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“दोन साठचे, एकसर जोडणीत,” ते म्हणाले. “दोनशे तीसचे दोन वाटे. प्रत्येकाला एकशे पंधरा. उजेड कमी, पण निम्म्या दाबावर तार झिजतच नाही. हे बल्ब तुम्हा दोघांनंतरही जळत राहतील. सव्वीस लागले नाहीत, दोनच पुरले.” मग त्यांनी कौतुकाने वायरींची गाठ बोटाने चाचपली. “कोणी केलंय हे? हुशार माणूस दिसतो.”

बटणाला दोऱ्याने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला होता. दादाने तो उलटून वाचला आणि माझ्याकडे दिला. प्रयोगवह्यांवर आम्ही लहानपणापासून बघत आलो तेच सुवाच्य अक्षर. ‘हा दिवा जाणार नाही. घाबरू नकोस.’

मला आठवलं. आम्ही लहान असताना एकदा आई आत वाचत बसली होती आणि बल्ब गेला. दार अडकलं होतं. अर्धा तास ती अंधारात ओरडत होती आणि आम्ही बाहेर खेळत होतो. त्यानंतर बाबा दोन दिवस काहीतरी खटपट करत होते. हे सगळं मला आठवलं, दादालाही आठवलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. ज्याने ते केलं त्याला मात्र आठवत नव्हतं. गणित बरोबर आलं होतं, उत्तर बरोबर आलं होतं, आणि ते उत्तर आपण स्वतःच आहोत हे त्यांना कळलं नव्हतं.

मी दादाकडे पाहिलं. पुठ्ठा त्याच्या बाजूने होता. तो आता म्हणू शकला असता की बघ, स्वतःचं अक्षरही ओळखलं नाही. बॅग दारातच होती.

“हो बाबा,” दादा म्हणाला. “फार हुशार होता.”

बाबांनी वही मागवली. शेवटचा प्रयोग राहिला होता, दिवा बंद करून शून्य बघायचं. त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. बराच वेळ. मग बोट काढून घेतलं.

“नको,” ते हळू आवाजात म्हणाले. “ती आत असताना बंद केला की ओरडते.”

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं. मग वहीत ‘कोणीतरी’ या शब्दावर एक सरळ रेघ मारून त्याच्यापुढे आईचं नाव लिहिलं. दादाने त्यांच्या हातून पेन घेतलं. लहानपणी आमच्या वह्यांवर बाबा करायचे तशी त्याने त्या ओळीखाली बरोबरची खूण केली, ‘तपासले’ असं लिहिलं आणि सही केली. मग बॅगेतले कपडे परत बाबांच्या खोलीतल्या कपाटात लावायला गेला. ते त्याने चुकीच्या खणात लावले, मी तसेच राहू दिले.

कोठीपुढचं कपाट आम्ही परत बसवलं नाही. डब्यांची धूळ पुसली, पण अंक आणि चष्मा तसेच ठेवले. मीठ आता ओलं होतं. काकू येऊन आत डोकावून गेल्या आणि पेल्याचा सल्ला आपलाच होता, असं इमारतभर सांगत सुटल्या. तेव्हापासून अर्धी इमारत म्हणते, मी बाबांना संस्थेत पाठवायला हवं होतं, आणि अर्धी म्हणते, मी आईची कोठी बंदच करायला नको होती. वीज कार्यालयाचा अर्ज अजून माझ्याकडेच आहे, वापरकर्त्याची सही मिळायची आहे. दादा आता दर रविवारी चारला येतो. सगळं बंद करून आम्ही काट्यासमोर उभे राहतो, पॉइंट अठरा दिसलं की बाबा ते वहीत लिहितात आणि दादा सही करतो.

गेल्या रविवारी चार वाजायला दोन मिनिटं असताना साऱ्या भागातली वीज गेली. काटा शून्यावर आला. आम्ही चौघेही त्या शून्याकडे बघत उभे होतो आणि कोणालाच कोठीकडे वळून बघायचा धीर होईना. बाबा एकटे आत गेले. वीज येईपर्यंत अंधारात ते कोणाशी तरी हळूहळू बोलत असल्याचं आम्हाला ऐकू येत होतं.